मोलोकाई बेटावरचे स्वयंसेवक : कुष्ठरोग कोणाला झाला, कोणाला नाही

"डॉक्टर, हात लावला तर होतो का हो?"

कुष्ठरोगाचं निदान सांगितलं की हा प्रश्न येतोच. विचारणारा बहुतेक वेळा रुग्ण नसतो. बरोबर आलेला नातेवाईक असतो, आणि तो दाराजवळ उभा असतो. खुर्ची दिली तरी बसत नाही.

काही महिन्यांपूर्वी मात्र एका बाईंनी वेगळा प्रश्न विचारला. त्यांच्या नवऱ्याची चहाची टपरी आहे. उकळत्या चहाचं पातेलं हे गृहस्थ फडकं न घेता उचलायचे आणि गिऱ्हाईकं कौतुक करायची, की याच्या हाताला चटका म्हणून बसत नाही. पुढे बोटांना फोड यायला लागले, करंगळी वाकायला लागली, तेव्हा ते दाखवायला आले. कोपरामागची नस दोरीसारखी जाड लागत होती. हातावर एक फिकट चट्टा होता, तीन वर्षं जुना. त्याला गजकर्णाचं मलम लावून झालं होतं. मी आजार समजावून सांगितला. बाई शांतपणे ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "मी यांच्याजवळच राहिले तर चालेल ना? सासूबाई म्हणतात, तू मुलांना घेऊन माहेरी जा."

त्यांना दिलेलं उत्तर दोन वाक्यांचं होतं. चालेल. औषध सुरू झालं की काही दिवसांतच यांच्यापासून कोणाला लागण व्हायची भीती उरत नाही, आणि एरवीही शंभरातल्या पंच्याण्णव माणसांना हा आजार होतच नाही. पण ही दोन वाक्यं सहज मिळालेली नाहीत. "जवळ राहिलं तर काय होतं" हा प्रश्न जगातल्या एका दूरच्या बेटावर माणसांनी स्वतः तिथे राहून सोडवला. बरेच जण स्वखुशीने गेले होते. त्यांची गोष्ट आज सांगतो.

समुद्र आणि कडा

हवाई बेटं प्रशांत महासागराच्या ऐन मध्यावर आहेत. १७७८ मध्ये कॅप्टन कुक तिथे पोहोचला, आणि त्यामागून जहाजांबरोबर गोवर, देवी, इन्फ्लुएंझा, गुप्तरोग असे एकेक आजार येत गेले. या बेटांवरच्या लोकांनी हे रोग पिढ्यान्‌पिढ्या पाहिलेले नव्हते, त्यामुळे शरीराकडे त्यांच्याशी लढायची तयारी नव्हती. माणसं पटापट मेली. १८७२ च्या जनगणनेत मूळचे हवाईयन लोक जेमतेम पन्नास हजारांच्या आसपास उरले होते. अशा घाबरलेल्या समाजात कुष्ठरोग दिसायला लागला.

३ जानेवारी १८६५ रोजी राजा पाचवा कामेहामेहा याने कुष्ठरोगाचा प्रसार रोखण्याच्या कायद्यावर सही केली. रुग्णांना पकडून वेगळं ठेवायचं, असा तो कायदा. जागा निवडली मोलोकाई बेटाच्या उत्तरेची. तिथे जमिनीची एक जीभ समुद्रात घुसली आहे. तीन बाजूंना खवळलेलं पाणी, चौथ्या बाजूला दोन-तीन हजार फुटांचा सरळसोट कडा. आपल्या हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा ज्यांनी पाहिला असेल त्यांनी त्याच्या पायथ्याशी समुद्र आणून बघावा, म्हणजे अंदाज येईल. तुरुंगाला भिंत बांधायची गरजच नव्हती.

६ जानेवारी १८६६ रोजी पहिले १२ रुग्ण तिथे उतरवले गेले. नऊ पुरुष, तीन बायका. सरकारी मंडळाची कल्पना अशी की ही माणसं शेती करतील, अळू लावतील, स्वतःचं पोट भरतील. हाताची बोटं गेलेल्या माणसाने कुदळ कशी धरायची, हा विचार कोणी केला नव्हता. वर्षभरात भूक, थंडी आणि दारू यांनी वस्तीची दैना झाली.

हवाईयन भाषेत लोक या रोगाला जे म्हणायचे त्याचा अर्थ होतो 'ताटातूट करणारा आजार'. वैद्यकाच्या पुस्तकातलं कुठलंही नाव मला एवढं अचूक वाटत नाही. हातापायांची झीज नंतरची. माणसांना आधी हेच दिसलं, की हा आजार आला की घरातला माणूस बोटीत बसवून नेतात.

पहिले स्वयंसेवक कोण?

मोलोकाई म्हटलं की जगाला फादर डेमियन आठवतात. त्यांच्याबद्दल सांगणारच आहे, पण त्यांच्या आधी सात वर्षं तिथे दुसरे स्वयंसेवक येत होते. हवाईयन लोक त्यांना 'कोकुआ' म्हणत, म्हणजे मदतनीस. रुग्णाचा नवरा, बायको, कधी आई, कधी भाऊ. स्वतः धडधाकट माणसं, पण बोट सुटायच्या वेळी रुग्णाचा हात न सोडता तीही चढली. जखमा धुणं, स्वयंपाक, पाणी भरणं, सरपण गोळा करणं ही सगळी कामं त्यांनी केली. सरकारला हे लोक कधी हवे असत आणि कधी नको असत. फुकटचे परिचारक म्हणून हवे, आणि धान्य खाणारी जास्तीची तोंडं म्हणून नको.

त्यांतला एक, जोनाथन नापेला. माऊई बेटावरचा न्यायाधीश, मॉर्मन पंथाचा पुढारी, चांगल्या घरातला माणूस. १८७३ मध्ये त्याची बायको किटी हिला कुष्ठरोग झाला म्हणून पाठवण्यात आलं, तर हाही गेला. त्याच वर्षी निरोगी मदतनिसांना परत पाठवायचं ठरत होतं, तेव्हा त्याने आरोग्य मंडळाला पत्र लिहिलं. लग्नाच्या वेळी आजारपणातही साथ देण्याची शपथ मी घेतली आहे, मला इथून काढू नका, असा त्याचा आशय. त्याला राहू दिलं. पुढे त्यालाही कुष्ठरोग झाला. १८७९ च्या ऑगस्टमध्ये तो गेला आणि पाठोपाठ काही आठवड्यांतच किटी.

माझ्यासमोर बसलेल्या बाईंनी नापेलाचं नाव कधी ऐकलेलं नाही. प्रश्न मात्र त्याचाच होता.

एका गावच्या पाद्र्याची बदली

१८७३ च्या मे महिन्यात होनोलुलूच्या कॅथलिक बिशपने आपल्या पाद्र्यांना विचारलं, मोलोकाईला कोण जाईल? तिथले कॅथलिक रुग्ण पाद्री मागत होते. पण कायमचं जा असं सांगायचं धाडस बिशपांना झालं नाही. चार तरुण तयार झाले, आणि आळीपाळीने जायचं ठरलं. पहिली पाळी ३३ वर्षांच्या डेमियनची. बेल्जियममधल्या ट्रेमेलो गावचा शेतकऱ्याचा मुलगा. हवाईला खरं तर त्याचा मोठा भाऊ यायचा होता, पण तो ऐन वेळी टायफसने आजारी पडला, म्हणून हा धाकटा १८६४ मध्ये आला होता. १० मे १८७३ रोजी तो मोलोकाईला उतरला. दुसऱ्याची पाळी पुढे आलीच नाही. तो सोळा वर्षं तिथेच राहिला.

राहायला घर नव्हतं. पहिल्या काही रात्री त्याने एका झाडाखाली काढल्या. ते झाड केवड्याच्या कुळातलं होतं. आपल्याकडे कोकणात समुद्रकाठी केवड्याची बनं असतात, तसलीच मुळं टेकवून उभी असलेली.

त्याला सगळ्यात जड गेला तो वास. झोपड्यांत, प्रार्थनेला, सगळीकडे. म्हणून त्याने पाईप ओढायला सुरुवात केली. इथे एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण रुग्ण मला हेही विचारतात. कुष्ठरोगाला स्वतःचा वास नसतो. वास येतो तो चिघळलेल्या जखमांचा. कुष्ठरोगाचे जंतू नसांवर हल्ला करतात, त्यामुळे हातापायांची जाणीव जाते. मग चप्पल चावली, काटा रुतला, विस्तव लागला तरी कळत नाही. जखम होते, ती धुतली जात नाही, तिच्यात दुसरे जंतू शिरतात, हाड सडतं. बोटं 'गळून पडतात' असं लोक म्हणतात ते खरं नाही. ती न कळलेल्या जखमांनी झिजत जातात.

आता त्या वस्तीत पाणी कुठून यायचं? लांबून, डब्यांनी वाहून. ज्यांच्या हाताला बोटं नाहीत त्यांनी ते वाहायचं. डेमियनने वस्तीतल्या धडधाकट मुलांना घेऊन वरच्या दरीत पाण्याचा बारमाही साठा शोधला, सरकारकडून नळ मागवले आणि वस्तीपर्यंत पाणी आणलं. त्याच्या चरित्रांमध्ये हा प्रसंग अर्ध्या पानात उरकलेला असतो. डॉक्टर म्हणून मला त्याच्या सोळा वर्षांतलं हे सर्वांत मोठं वैद्यकीय काम वाटतं. औषध तेव्हा नव्हतंच. पण रोज धुतलेली जखम आणि न धुतलेली जखम यांतला फरक म्हणजे पाय असणं आणि नसणं. आजही बधिर पायाच्या रुग्णाला, मग तो कुष्ठरोगाचा असो की मधुमेहाचा, मी पहिलं हेच सांगतो. रोज पाय धुवा, पुसा, तळवा डोळ्यांनी बघा.

१८७४ च्या वादळात गवताच्या झोपड्या उडून गेल्या. मग लाकूड मागवून घरं बांधली, त्यांना चुना लावला. सुतारकाम त्याला येत होतं. मेलेल्या माणसाला चटईत गुंडाळून उथळ खड्ड्यात टाकत, डुकरं ते उकरून काढत. त्याने दफनभूमीला कुंपण घातलं आणि शवपेट्या स्वतः बनवायला लागला. मुलांचा बँड उभा केला. हे सगळं एकट्याने केलं असं सांगायची पद्धत आहे, ती मला पटत नाही. हातोडा त्याच्या हातात असला तरी फळ्या धरायला रुग्ण होते, कोकुआ होते.

संत म्हणून तो मऊ स्वभावाचा असेल असं वाटतं. तसा तो नव्हता. हट्टी होता, तापट होता. दारूच्या अड्ड्यांवर काठी घेऊन जायचा. आरोग्य मंडळाशी त्याची सतत भांडणं, आणि स्वतःच्या वरिष्ठांशीही. एकदा एक वरिष्ठ पाद्री बोटीने आले, पण त्यांना उतरायची परवानगी नव्हती आणि याला चढायची नव्हती. त्याने आपली होडी जहाजाला लावून खालून ओरडून, फ्रेंचमध्ये, आपल्या पापांची कबुली दिली. सगळं जहाज ऐकत होतं.

गरम पाणी

हवाईयन घरात पाहुण्याला 'पोई' देतात. अळूचे कंद शिजवून, कुटून केलेला हा लगदा सगळ्यांनी एकाच भांड्यातून बोटांनी खायचा. नाही म्हणणं हा अपमान. डेमियन खायचा. त्याचा पाईप लोक हातोहात ओढायचे. जखमा तो उघड्या हातांनी बांधायचा.

डिसेंबर १८८४ मध्ये एका संध्याकाळी थकलेले पाय शेकायला त्याने गरम पाण्यात घातले. पाणी उकळतं होतं. कातडीला फोड आले तेव्हा त्याचं लक्ष गेलं. दुखलं अजिबात नव्हतं.

चहाच्या टपरीवालं पातेलं आणि हे पाणी यांत मला काही फरक दिसत नाही. कुष्ठरोगाचं पहिलं लक्षण विद्रूपता नसते. पहिलं लक्षण असतं न दुखणं, आणि म्हणूनच ते निसटतं. दुखलं तर माणूस डॉक्टरकडे येतो. न दुखणारा चट्टा घेऊन कशाला येईल? फिकट किंवा लालसर, खाज नसलेला, घाम न येणारा, कापसाचा स्पर्श न कळणारा डाग अंगावर असेल तर तो मलम लावून झाकू नका, दाखवा.

डॉक्टर एडुअर्ड अर्निंग यांनी डेमियनचा पाय तपासला आणि निदान पक्कं केलं. हे अर्निंग जर्मन तज्ज्ञ, हवाई सरकारने आणलेले. त्याच साली त्यांनी एक प्रयोग केला होता, तो सांगायला हवा, कारण 'लागण कशी होते' हे शोधण्याच्या नादात डॉक्टर कुठवर गेले ते त्यातून कळतं. केआनू नावाच्या माणसाला खुनासाठी फाशी झाली होती. फाशी रद्द करतो, त्या बदल्यात तुझ्या हातात कुष्ठरोगाची गाठ रोवू दे, असा सौदा झाला. काही वर्षांनी केआनूला कुष्ठरोग झाला. सिद्ध झालं? नाही. त्याच्या घरातच आधीपासून रुग्ण होते असं निघालं. १८९२ मध्ये तो मोलोकाईला मेला. विज्ञानाच्या पदरात काही पडलं नाही.

त्यापेक्षा जास्त शिकवलं ते स्वखुशीने आलेल्यांनी.

१८८३ मध्ये हवाई सरकारने परिचर्येसाठी जोगिणी हव्यात म्हणून सुमारे पन्नास धर्मसंघांना पत्रं पाठवली. होकार एकाच संघाकडून आला. अमेरिकेतल्या सिराक्यूजच्या मदर मेरियन कोप सहा सिस्टर्सना घेऊन आल्या. १८८८ पासून त्या मोलोकाईवर होत्या. त्या मुळात रुग्णालय चालवलेल्या बाई. हात धुण्याबाबत अत्यंत कडक. आपल्या एकाही सिस्टरला हा रोग होणार नाही असं त्यांनी सांगितलं होतं, आणि झाला नाही. १९१८ मध्ये वयाच्या ऐंशीव्या वर्षी त्या गेल्या. तीस वर्षं त्या वस्तीत काढली, कुष्ठरोगाचा डागही अंगावर नाही.

जोसेफ डटन हा अमेरिकेतल्या यादवी युद्धात लढलेला सैनिक. १८८६ मध्ये, डेमियन आजारी असताना, तो मदतीला आला. रोज जखमा बांधायचा. १९३१ मध्ये तो म्हातारपणाने वारला. सुमारे ४४ वर्षं तिथे. त्यालाही नाही.

मग डेमियनला का, नापेलाला का? एक डॉक्टर म्हणून प्रामाणिक उत्तर असं : बहुसंख्य माणसांच्या शरीरात या जंतूविरुद्ध उपजत प्रतिकारशक्ती असते, थोड्यांच्या शरीरात नसते, आणि तुम्ही कोणत्या गटात आहात हे चेहऱ्यावर लिहिलेलं नसतं. जंतू पसरतो तो मुख्यतः औषध न घेतलेल्या रुग्णाच्या नाकातोंडातून, महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षं निकट राहिल्यावर. पोईच्या भांड्याने किंवा हस्तांदोलनाने नव्हे. शिवाय तो शरीरात साधारण पाच वर्षं, कधी वीस वर्षंही दडून बसतो. त्यामुळे डेमियनला नेमकी कधी लागण झाली हे कोणालाच सांगता येणार नाही. हात धुणं उत्तमच, पण सिस्टर्स केवळ साबणाने वाचल्या आणि डेमियन निष्काळजीपणाने मेला असं म्हणणं हे त्याच्यावर अन्याय करणारं आहे.

असा अन्याय झालाही. तो मेल्यावर हाइड नावाच्या एका पाद्र्याने लिहिलं, की तो घाणेरडा आणि बाहेरख्याली होता, त्याचंच फळ त्याला मिळालं. रॉबर्ट लुई स्टीव्हनसन, 'ट्रेझर आयलंड' लिहिणारा, डेमियनच्या मृत्यूनंतर महिन्याभराने मोलोकाईला आठ दिवस राहून आला होता. त्याने १८९० मध्ये हाइडला जाहीर पत्र लिहून त्याची सालटी काढली. डेमियनचे दोष त्याने लपवले नाहीत. 'रोग झाला म्हणजे काहीतरी पाप केलं असणार' हा विचार आपल्याकडेही आहेच, तेव्हा हाइडला एकट्याला हसायला नको.

अंदमानचं तेल, मुंबईचा आश्रम

डेमियनच्या शेवटच्या हिवाळ्यात, डिसेंबर १८८८ मध्ये, इंग्लंडहून एडवर्ड क्लिफर्ड नावाचा चित्रकार त्याला भेटायला आला. त्याने गुर्जन नावाच्या झाडाचं तेल आणलं होतं. अंदमानात पोर्ट ब्लेअरच्या कुष्ठरोगी कैद्यांवर एका इंग्रज डॉक्टरने ते वापरलं होतं आणि त्याचं बरंच नाव झालं होतं. एका बेटावरच्या झाडाचा चीक दुसऱ्या बेटावर, निम्मं जग ओलांडून गेला. त्याने व्हायचं ते काहीच झालं नाही. १५ एप्रिल १८८९ रोजी डेमियन गेला, वय ४९.

त्याच्या मृत्यूने लंडन हादरलं. गोरा माणूस, धर्मोपदेशक, आणि कुष्ठरोगाने मेला! त्याच्या स्मरणार्थ तिथे कुष्ठरोग निधी स्थापन झाला. आणि लगेच भीती हिंदुस्थानाकडे वळली, कारण साम्राज्यातले बहुतेक रुग्ण इथे होते. १८९०-९१ मध्ये या निधीचा आयोग हिंदुस्थानभर फिरला. त्याने निष्कर्ष काढला, की हा रोग संसर्गजन्य असला तरी संसर्ग अगदी थोडा आहे, सगळ्यांना कोंडून ठेवायची गरज नाही. आज आपण जे सांगतो त्याच्या हे बरंच जवळ होतं. पण लंडनच्या समितीतल्या मोठ्या लोकांना ते रुचलं नाही. १८९८ मध्ये कायदा आलाच. तो लागू होता निराधार, भीक मागणाऱ्या रुग्णांना. घरदार असलेल्या रुग्णाला हात लावायची सरकारची इच्छा नव्हती. जंतूला गरीब-श्रीमंत कळत नाही; कायद्याला कळत होतं.

मुंबईत त्याच सुमारास, १८९० मध्ये, पालिका आयुक्त अ‍ॅक्वर्थ यांनी माटुंग्याला बेघर रुग्णांसाठी आश्रम काढला. तेच आजचं वडाळ्याचं अ‍ॅक्वर्थ कुष्ठरोग रुग्णालय. हे अ‍ॅक्वर्थ म्हणजे शाळिग्रामांबरोबर मराठी पोवाडे जमवणारे अ‍ॅक्वर्थ. इतिहासाच्या माणसांना ते पोवाड्यांसाठी माहीत, आम्हा डॉक्टरांना रुग्णालयासाठी, आणि दोघांना बहुधा ठाऊक नसतं की माणूस एकच आहे.

औषधाची दिशाही अखेर आपल्याच बाजूने गेली. सुश्रुतात 'तुवरक' सांगितलं आहे, कोकणातलं कडू कवठ. त्याचं आणि त्याच्या भाऊबंद चौलमुगऱ्याचं तेल कुष्ठरोगावर शतकानुशतकं वापरात होतं. पण ते प्यायलं तर ओकारी, टोचलं तर गाठी. १९१५ च्या सुमारास होनोलुलूत अ‍ॅलिस बॉल या तरुण कृष्णवर्णीय रसायनतज्ज्ञ बाईंनी ते टोचता येईल असं बनवलं. त्या चोविसाव्या वर्षी वारल्या आणि श्रेय काही काळ दुसऱ्यानेच घेतलं. त्या इंजेक्शनांनी बरेच रुग्ण घरी गेले, पण रोग मुळातून जात नव्हता. खरी औषधं, सल्फोन, मोलोकाईला १९४६ मध्ये पोहोचली. आणि सक्तीने वेगळं ठेवायचा कायदा कधी उठला? १९६९ मध्ये. औषध आल्यावर तेवीस वर्षांनी! १८६६ पासून सुमारे आठ हजार माणसं तिथे नेली गेली. तिथे जन्मलेली बाळं आईपासून तोडली गेली. बंदी उठली तेव्हा अनेक रुग्ण तिथेच राहिले, कारण परत जायला कोणी उरलं नव्हतं.

हसू नये. बहुविध औषधोपचार, ज्याला आम्ही एमडीटी म्हणतो, १९८२ पासून आहे. गोळ्यांचं पाकीट, आजाराच्या प्रकारानुसार ६ किंवा १२ महिने, सरकारी दवाखान्यात मोफत. तरीही आपल्या देशात 'जोडीदाराला कुष्ठरोग आहे' हे घटस्फोटाचं कायदेशीर कारण होतं. ते काढून टाकलं गेलं २०१९ मध्ये. सासूबाईंना एकट्याला दोष कसा देऊ?

२००५ च्या अखेरीस देशातलं कुष्ठरोगाचं प्रमाण दहा हजारांत एकाच्या खाली आलं. लोकांनी त्याचा अर्थ 'रोग संपला' असा घेतला, आणि काही डॉक्टरांनीही. आजही जगातल्या नव्या रुग्णांपैकी निम्म्याहून जास्त भारतात सापडतात, वर्षाला सुमारे एक लाख. म्हणून आशाताई दारी येऊन अंगावर डाग आहे का विचारतात तेव्हा त्यांना दारातून परतवू नका. घरात रुग्ण निघाला तर बाकीच्यांना तपासून रिफाम्पिसिनचा एक डोस देतात, तो घ्या. आणि नस सुजून, दुखून किंवा हातापायांची ताकद अचानक कमी झाली तर त्याच आठवड्यात डॉक्टर गाठा. सहा महिन्यांच्या आत स्टेरॉइड मिळालं तर बरीचशी जाणीव आणि ताकद परत येऊ शकते. नंतर कठीण.

टपरीवाल्या काकांचं औषध चालू आहे. करंगळी सरळ झालेली नाही, पण ती आणखी वाकलीही नाही. पातेलं आता फडक्याने धरतात. बाईंनी दोन जाड फडकी शिवून टपरीवर टांगून ठेवली आहेत. तपासणीला दोघंही येतात. बाईंच्या अंगावर डाग नाही, मुलांच्याही नाही.

डेमियनला त्याच्या इच्छेप्रमाणे त्या केवड्याच्या जातीच्या झाडाखाली पुरलं होतं, जिथे त्याने पहिल्या रात्री काढल्या. १९३६ मध्ये बेल्जियम सरकारने त्याचा देह मायदेशी नेला. मोलोकाईच्या रुग्णांना ते फार लागलं. आमचा माणूस होता, आम्हाला कोणी विचारलंही नाही, असं त्यांचं म्हणणं. १९९५ मध्ये त्यातला एक भाग परत आला आणि त्या जुन्या कबरीत पुन्हा पुरला गेला. तो त्याचा उजवा हात होता.